गिळलेल्या दोन मात्रा

मंडळी, पूर्वरंग झाला, बुक्का लावून झाला, हार घालून झाला — आता जरा सरसावून बसा! मागे खांबाला टेकलेले ते तिघे आहेत ना, त्यांनी टेकावं, माझी हरकत नाही. पण घोरायचं झालंच तर तालात घोरा! कारण आजचं आख्यान तालाचं आहे.

आधी एक प्रश्न. उत्तर घाईनं देऊ नका. समजा, तुमचं एक दैवत आहे. देव्हाऱ्यातलं नव्हे, हाडामासाचं. कुणाचा गुरू असेल, कुणाचा पुढारी असेल, कुणाचा थोरला भाऊ असेल. त्या दैवताच्या हातून एक चूक झाली. आणि ती तुम्ही पाहिली — तुम्ही एकट्यानं! मग भक्तानं काय करावं? चूक सांगावी का झाकावी?

"झाकावी!" — बघा, पुढच्या काकू लगेच बोलल्या. "झाकावी महाराज, भक्त म्हणवतो ना!" बरं. झाकू. पण काकू, झाकायला पांघरूण लागतं. ते कुणाचं घ्यायचं? आपल्या अंगावरचं, का शेजाऱ्याच्या अंगावरचं ओढून?

हां! आता काकू गप्प! ऐका तर मग.

सांगलीत विश्रामबागेत एक गृहस्थ राहत. नाव अच्युतराव फाटक. आडनाव फाटक, आणि फाटक कायम बंद! नोकरी केली पाटबंधारे खात्यात — म्हणजे काय, पाणी अडवायचं आणि मोजून सोडायचं. जन्मभर तेच केलं, आणि निवृत्त झाल्यावर तेच गाण्यात सुरू केलं! कारण अच्युतरावांना छंद एकच — शास्त्रीय गाण्याच्या ध्वनिमुद्रणांचा. घरात तीन लोखंडी कपाटं. पहिल्यात तबकड्या, दुसऱ्यात कॅसेटी, आणि तिसऱ्यात जुन्या स्पूलच्या टेपा, पिठाच्या डब्याएवढ्या. तिसऱ्या कपाटाची किल्ली जानव्याला! आंघोळीला गेले तरी किल्ली बरोबर. देवाला विसरतील, किल्लीला नाही.

दर रविवारी सकाळी नऊ वाजता त्यांच्या दिवाणखान्यात श्रवण मंडळ भरायचं. सात-आठ डोकी. त्यांत मुख्य म्हणजे नाडगौडा वकील — अच्युतरावांचे जुने दोस्त, आवाज खणखणीत आणि कान... कानाचं सोडा. नाव श्रवण मंडळ, पण श्रवण कुणी करायचं? टेप सुरू झाली की एक म्हणणार, "आता बघा हं, तेविसाव्या मिनिटाला गंधार कसा लागतो!" दुसरा म्हणणार, "छ्या! हा काय गंधार! एकोणसाठ सालच्या मैफलीतला ऐकला असतात तर!" तिसरा नुसताच डोळे मिटून हात असा असा फिरवणार — जणू अंधारात खुंटीवरची टोपी शोधतोय! गंधार येतो, गंधार जातो, आणि हे भांडतच बसलेत! अहो, स्वयंपाकघरात उप्पीट परतणाऱ्या वत्सलाकाकू, अच्युतरावांच्या पत्नी, त्यांच्या कानावर जेवढं गाणं पडायचं ना, तेवढं या आठ रसिकांच्या मिळूनही पडत नसेल! पण त्यांना विचारतो कोण? अच्युतराव चारचौघांत सांगायचे, "आमच्या हिला भूप आणि भजी यांतला फरक कळत नाही." सगळे हसायचे. काकू उप्पिटाच्या बश्या ठेवून आत जायच्या.

आणि या रसिकांचा देण्याघेण्याचा व्यवहार? तू मला तुझ्याकडची तोडी दे, मी तुला माझ्याकडचा मारवा देतो. लहानपणी गोट्या खेळलात ना? तस्सं! फक्त केस पांढरे. अच्युतराव तर पुढचे. प्रत करून देताना मधेच स्वतः खोकायचे! का? तर उद्या ती प्रत तिसऱ्याच्या हाती गेली तर कुणाकडून फुटली ते कळावं! एकाच्या प्रतीत एक खोकला, नाडगौडांच्या प्रतीत दोन. अहो, एवढा मोठा गवई जीव ओतून गातोय, आणि मधेच हे — खॉक्, खॉक्! चोरीच्या मालावर मालकीचा शिक्का! हसू नका, रडण्याची गोष्ट आहे.

तर या तिसऱ्या कपाटात एक टेप होती. तिच्यासाठी पुण्याहून, धारवाडहून माणसं यायची. रत्नाकरबुवा कुंभोजकरांची शेवटची मैफल.

बुवा म्हणजे अच्युतरावांचं दैवत. तरुणपणी त्यांच्या मागे गावोगाव हिंडले, त्यांची तंबोऱ्याची गवसणी उचलली, त्यांच्या पिकदाणीलाही हात लावला. शेवटची मैफल झाली सांगलीतच, एका हळदीच्या अडत्याकडे, नातवाच्या बारशाला. सकाळची वेळ, हॉलभर माणसं, खाली हळदीच्या पोत्यांचा वास, आणि वर बुवांची तोडी. अच्युतराव तेव्हा एकोणतीस वर्षांचे. स्वतःचं स्पूलचं मशीन घेऊन बैठकीला चिकटून बसलेले, मायक्रोफोन बुवांच्या गुडघ्यापाशी. तबल्याला होता केरबा गुरव.

केरबा मिरजेकडचा. देवळात वाजवणाऱ्यांच्या घरातला. वय चौतीस, हात असा की बोलायचा! मोठे मोठे गवई त्याला साथीला न्यायला लागले होते. बुवा झुमऱ्यात गात होते. झुमरा म्हणजे चौदा मात्रांचा ताल, संथ — हत्ती चालल्यासारखा. चौदा मात्रा पुऱ्या झाल्या की सम येते, आणि त्या समेवर गवई आणि तबलजी दोघांनी एकदम उतरायचं. एवढं कळलं तरी आजच्या आख्यानाला पुरे आहे.

तर बुवा रंगात आले. तान घेतली — काय तान! जिना उतरत यावं तशी. आणि त्या तानेच्या भरात बुवांनी बंदिशीचा मुखडा, म्हणजे समेवर नेणारे पहिले शब्द, दोन मात्रा आधीच उचलला. चुकले! होय मंडळी, चुकले. साठीतला माणूस, छातीचं दुखणं, सकाळपासून गातोय — चुकला. आता काय होणार? बुवा बाराव्या मात्रेनंतरच समेवर आदळणार, आणि तबला अजून दोन मात्रा मागे. भर मैफलीत बुवांचं हसं होणार!

पण केरबा झोपला नव्हता. दहाव्या मात्रेला त्याच्या ध्यानात आलं. त्यानं काय केलं? शेवटच्या दोन मात्रा गिळल्या! सरळ गिळल्या, आणि बुवा जिथं उतरले तिथंच आपणही 'धा' घातला. असा घातला, की बुवांनी ठरवून केलंय असं वाटावं!

हॉलमध्ये "वाहवा" झाली. पण मंडळी, प्रत्येक मैफलीत चार बोटमोजे असतात. गाणं ऐकायला येत नाहीत — बोटांवर मात्रा मोजायला येतात, अबकारी खात्याचे इन्स्पेक्टर जसे! त्यांची बोटं चौदावर पोचायच्या आत सम आली. झालं! "अरे, तबलजीनं दोन मात्रा खाल्ल्या!" "खाल्ल्या, खाल्ल्या!" "बुवांची पंचाईत केली!" मागे कुजबुज, गलका. आणि त्या गलक्यात बुवा काय बोलले ते कुणाला ऐकूच गेलं नाही.

बुवा काय म्हणाले ऐका. हात वर केला, आणि म्हणाले, "मंडळी, चूक माझी. केरबानं सांभाळलं."

शेजारी तबल्यावर बसलेल्या केरबानं ते ऐकलं. आणि मशीनचे हेडफोन कानाला लावून बसलेल्या अच्युतरावांनी ऐकलं. टेपेनं ऐकलं. बाकी हॉल मात्रा मोजत होता!

मैफल संपली, पंगत बसली. अच्युतरावांच्या पानात जिलबी. शेजारचा म्हणाला, "तबलजीनं घाण केली, नाही का हो?" अच्युतरावांच्या तोंडात जिलबीचा तुकडा. तो गिळून बोलता आलं असतं — "नाही हो, बुवांचं चुकलं, बुवांनीच सांगितलं." सहा शब्द! पण त्यांना वाटलं, माझ्या तोंडानं कशाला? बुवांची चूक मी सांगू? ते नुसते "हं" म्हणाले. आणि दुसरी जिलबी घेतली.

मंडळी, पाप असंच येतं. वाजतगाजत येत नाही. पहिल्या दिवशी नुसतं गप्प बसतं. दुसऱ्या दिवशी मान हलवतं. तिसऱ्या दिवशी बोलायला लागतं, आणि चौथ्या दिवशी स्वतःचंच बोलणं खरं मानतं!

अकरा दिवसांनी बुवा गेले. झोपेतच. आणि मग काय विचारता! कालचे बोटमोजे आज कीर्तनकार झाले. "त्या मैफलीत तबलजीनं दगा दिला, ते बुवांच्या काळजाला लागलं." अहो, छातीचं दुखणं बुवांना पाच वर्षं होतं! पण नाही. केरबाच्या दोन मात्रांनी बुवांचा जीव घेतला! गावोगाव झालं. लोक त्याला काय म्हणायला लागले? 'मात्राखाऊ केरबा'! गवयांची बोलावणी बंद झाली. एकानं तर सुपारी देऊन परत घेतली — "अहो, लोक नाव ठेवतात."

आणि केरबा? तो उभा राहून ओरडला का, "अरे, बुवा चुकले!" म्हणून? नाही. एकदाही नाही. मिरजेत एका गाळ्यात बसला आणि तबल्याला पुड्या चढवायला लागला. कातडं भिजवा, वादी ओढा, शाई घोटा. ज्या हातानं तबला बोलायचा, तो हात आता दुसऱ्यांचे तबले बोलते करायला लागला. चाळीस वर्षं!

आणि आमचे अच्युतराव काय करत होते? कात्री चालवत होते. मूळ टेप कपाटात, अखंड. पण कुणाला ऐकवायची किंवा प्रत द्यायची तर दहाव्या मात्रेपर्यंत. तिथं कट! "पुढचं का नाही?" असं कुणी विचारलं तर मान हलवून म्हणायचे, "पुढे तबल्यानं घाण केलीय हो. बुवांचा अपमान नको." काय तो भक्तीचा उमाळा! ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यायचं. आणि एकटे असले, की दार लावून पूर्ण टेप लावायचे. 'चूक माझी' तिथवर आले, की आवाज बारीक करायचे. का? अहो, खोलीत एकटेच होते ना! तरीही बारीक करायचे. चोर स्वतःच्या सावलीलाही दबकून चालतो.

कान दिले देवे। ऐकावया खरे।
त्यांत आम्ही बरे। बूच मारू॥

हा अभंग कुणा संताचा नाही, आमच्या पदरचा आहे. संतांच्या नावावर खपवायची सोय होती, पण आजच्या आख्यानात ते शोभणार नाही!

पुढे काय झालं? नाडगौडा वकिलांची नात तबला शिकायला लागली. तबल्याची पुडी फाटली. कुणीतरी सांगितलं, मिरजेत एक म्हातारा आहे, झकास पुडी चढवतो. वकील गेले. बोलता बोलता नाव निघालं — केरबा गुरव. वकिलांचे डोळे चमकले! तो? तोच मात्राखाऊ? अहो, जुनं नाणं सापडावं तसा आनंद! म्हणाले, "मास्तर, त्या मैफलीची टेप आमच्या मित्राकडे आहे. येता का ऐकायला?"

केरबाच्या हातातली वादी तशीच राहिली. "टेप हाय?"

"आहे तर!"

"मग येतो की."

आणि त्याच रविवारी वकिलांनी त्याला रिक्षात घालून आणला. दारातूनच ओरडले, "अच्युतराव, आज गंमत आणलीय!" गंमत! पंच्याहत्तरीचा माणूस — धुतलेलं धोतर, डोक्यावर पांढरी टोपी, हाताच्या पेरांना काळी शाई — ही यांची गंमत!

अच्युतरावांनी त्याला पाहिलं मात्र, जानव्याची किल्ली त्यांना बरगडीत टोचली. ओळखलं त्यांनी. चाळीस वर्षांत ते मिरजेला दोनशे वेळा गेले असतील, आणि त्या गाळ्याच्या गल्लीतून एकदाही नाही.

"या, बसा," ते म्हणाले.

केरबा खुर्चीत बसला नाही. खाली सतरंजीवर बसला, मांडी घालून. म्हणाला, "साहेब, लई उपकार झाले. एकदाच ऐकवा."

आता काय करतील? आठ माणसं बघतायत. अच्युतरावांनी कपाट उघडलं. दोन टेपा शेजारी शेजारी होत्या — एक पूर्ण, एक कापलेली. हात क्षणभर दोन्हींवर फिरला, मंडळी. क्षणभर! आणि कापलेलीवर थांबला.

टेप सुरू झाली. तोडी भरून राहिली. केरबानं डोळे मिटले नाहीत, हात फिरवले नाहीत, "वाहवा" म्हटलं नाही. नुसती उजव्या हाताची बोटं गुडघ्यावर हलत होती. बाकीच्यांचं चाललेलं — "हा धैवत बघा!" "इथं आवाज थोडा दबलाय." "मशीन कुठलं होतं?" केरबा ऐकत होता. अच्युतराव त्याच्या बोटांकडे बघत होते. ती तान आली. बोटं पुढे सरकली. सात, आठ, नऊ, दहा —

खट्! टेप संपली.

केरबाची बोटं हवेत राहिली. "साहेब, दहा झाल्या. जरा पुढं जाऊ द्या."

"पुढे टेप खराब झालीय," अच्युतराव म्हणाले.

नाडगौडा हसले. "मास्तर, खाल्लेल्या मात्रा आता कशाला मोजता?"

आणि श्रवण मंडळ हसलं. सगळे शिकलेले, सगळे रसिक — हसले!

केरबा रागावला नाही. तो म्हणाला, "मोजायच्या न्हाईत, वकीलसाहेब. त्या टायमाला हात आपला आपण चालला. मला कळलंच न्हाई काय वाजवलं. घरी येऊन कितींदा बसवून बघितलं, तसं बसत न्हाई. कुठला बोल घेतला हुता, तेवढं ऐकायचं हुतं. दुसरं काय न्हाई."

वकील तो वकीलच. पुढे वाकून म्हणाले, "पण चूक कुणाची होती? आज सांगूनच टाका."

अच्युतराव केरबाच्या तोंडाकडे बघत राहिले. आता बोलणार हा! बोलायलाच हवा! मी असतो तर बोललो असतो!

केरबा म्हणाला, "मैफलीत चूक झाली, तर ती तबलजीची. आन् गवई देवाघरी गेला, तर तबलजीचीच."

अच्युतरावांच्या कानशिलांतून वाफ निघावी असं झालं. त्यांना कळलं, मंडळी! त्या क्षणी स्वच्छ कळलं. हा माणूस चाळीस वर्षं तेच करत होता, जे आपण करत होतो — बुवांची चूक झाकत होता. पण हा आपल्या अंगावरचं पांघरूण काढून झाकत होता. आणि आपण? आपण त्याच्याच अंगावरचं ओढून झाकत होतो, आणि वर स्वतःला भक्त म्हणवत होतो!

कळलं, म्हणून बोलले का? तुम्हाला वाटेल, ढसढसा रडले असतील, पाय धरले असतील. छे! कळणं वेगळं आणि वळणं वेगळं. अच्युतराव कपाटाकडे बघत गप्प बसले. जिलबीच्या पंगतीत बसले होते, तस्सेच.

केरबा उठला. "बरं, येतो मंडळी. तोडी मात्र ऐकायला मिळाली."

तेवढ्यात आतून वत्सलाकाकू आल्या. हातात उप्पिटाच्या बश्यांचा ट्रे. तो त्यांनी टेबलावर ठेवला. आवाज न चढवता म्हणाल्या, "अहो, टेप कुठे खराब झालीय? परवा बुधवारी तर लावली होती तुम्ही."

"तू आत जा," अच्युतराव म्हणाले.

"जाते. पुढे बुवा बोलतात ना — 'मंडळी, चूक माझी. केरबानं सांभाळलं.' मला गाण्यातलं कळत नाही, पण मराठी कळतं. चाळीस वर्षं ऐकतेय भिंतीपलीकडून. मला वाटायचं, केरबा म्हणजे कुणीतरी गेलेला माणूस असेल. असा इथं बसलेला असेल, असं वाटलं नव्हतं." आणि नवऱ्यासमोर हात पुढे केला. "किल्ली द्या."

मंडळी, श्रवण मंडळाला आयुष्यात पहिल्यांदा श्रवण घडलं! नाडगौडांनी तेवढ्यात बशी उचलली होती; चमचा उप्पिटात तसाच रुतून राहिला.

अच्युतरावांनी जानव्याची किल्ली सोडवायला घेतली. गाठ सुटेना. शेवटी उठले, आणि जानव्यासकट वाकून त्यांनीच कपाट उघडलं. पूर्ण टेप काढली, चढवली.

पुन्हा तोडी. पुन्हा ती तान. सात, आठ, नऊ, दहा... आणि या खेपेला टेप थांबली नाही. दहाव्यावर तबला सळसळला, आणि बुवांच्या मुखड्याबरोबर अस्सा उतरला — धा! "वाहवा", गलका, आणि त्या गलक्याच्या अलीकडे, अगदी जवळून, बुवांचा दमलेला आवाज: "मंडळी, चूक माझी. केरबानं सांभाळलं."

पण केरबाचं लक्ष त्या वाक्याकडे नव्हतंच! तो म्हणाला, "मागं घ्या की जरा." पुन्हा लावलं. मान वाकडी करून ऐकलं. आणि त्याचं तोंड असं फुललं, मंडळी — बारशाच्या घरात पाळणा हलावा तसं! "तिरकिट! तिरकिट घेतलं हुतं व्हय! मला चाळीस वर्षं वाटत हुतं, नुसता थांबलो हुतो म्हणून!" आणि गुडघ्यावर वाजवून बघितलं. बसलं! पहिल्या फटक्यात बसलं!

नाडगौडा कसेबसे बोलले, "मास्तर... बुवांनी तुमच्याविषयी जे म्हटलंय ते... तुम्हाला माहीत नव्हतं?"

"म्हायती हुतं की. मी शेजारीच हुतो."

"मग एवढी वर्षं बोलला का नाहीत?"

केरबा टोपी सारखी करत म्हणाला, "बुवांनी सांगितलं, मी ऐकलं. मला तेवढं पुरलं. तुम्ही हितं बसून ऐकलं न्हाई, त्याला मी काय करू?"

उत्तर द्या! अरे द्या कुणीतरी उत्तर! आठ जण, तीन कपाटं, चाळीस वर्षांचा अभ्यास!

अच्युतराव म्हणाले, "मास्तर, मी पूर्ण प्रत करून देतो. आत्ता देतो."

"नको साहेब. घरात यंत्र न्हाई. आन् आता हातात गेलंय ते." केरबानं काकूंकडून उप्पिटाची बशी घेतली, उभ्यानंच चार घास खाल्ले, "झकास झालंय वैनी," म्हणाला आणि पायऱ्या उतरून गेला.

आता मंडळी, तुम्हाला वाटेल त्या आठ जणांना उपरती झाली. पुढच्या रविवारी काय झालं सांगू? वाद! कसला? केरबानं गिळल्या त्या मात्रा दोन की पावणेदोन! एक म्हणतो, "मला आधीपासून संशय होताच." दुसरा म्हणतो, "पण तिरकिट जरा घाईत आलंय, नाही?" अरे रसिकांनो! ज्याला तुम्ही जन्मभर मात्राखाऊ म्हणालात, त्याची माफी मागायला तुमच्यातला एक तरी मिरजेला गेला का?

एक गेला. अच्युतराव. सोमवारी सकाळी, बसनं. गल्ली सापडायला अर्धा तास लागला, कारण कधी गेलेच नव्हते. गाळ्याच्या दारात उभे राहून म्हणाले, "केरबा मास्तर, बुवांना वाचवायला मी कात्री लावली."

केरबा पुडी ताणत होता. वर न बघता म्हणाला, "कापलं काय, साहेब? बुवांची चूक?"

"हो."

"आन् त्यांनी भर सभेत 'चूक माझी' म्हटलं, ते?"

केरबानं वादी आवळली.

"लाखभर गवई असतील, साहेब. समेवर येणारे लई. चुकल्यावर असं म्हणणारा मी एकच बघितला. तेवढंच कापलंत तुम्ही."

मंडळी, अच्युतराव तिथंच, त्या भिजल्या कातड्यांच्या वासात, पायरीवर बसले. दैवताला वाचवायला निघाले होते, आणि दैवताचा जो सगळ्यात मोठा क्षण, त्यालाच कात्री लावून बसले होते! चाळीस वर्षं जगाला अर्धाच बुवा ऐकवला — चुकूनही न चुकणारा, म्हणून खोटा! खरा बुवा कपाटात कोंडलेला!

त्यानंतर अच्युतरावांनी एक केलं. मागेल त्याला ती टेप पूर्ण देऊ लागले. खोकला न घालता! पुण्याला, धारवाडला, जुन्या प्रती नेणाऱ्या एकेकाला पत्र घातलं. प्रत्येकाला ते स्वतःच्या तोंडानं सांगत, "आधीच्या प्रतीत कात्री मी लावली होती. तबलजीनं घाण केली म्हणालो, ते खोटं." लोक काय म्हणायचे? काही म्हणायचे, "वा, किती प्रांजळ!" बहुतेक म्हणायचे, "म्हातारा खोटारडा निघाला." अच्युतराव दोन्ही ऐकून घ्यायचे. केरबाला बोलावणी आली का? नाही आली. पंच्याहत्तरीला कोण बोलावतो? गेलेली चाळीस वर्षं कुठल्याच टेपेत परत मिळत नाहीत. एवढं मात्र झालं, की त्या गल्लीतली पोरं त्याला आता मात्राखाऊ म्हणत नाहीत.

आख्यान संपलं. आता तुमच्याकडे वळतो — उठू नका, प्रसाद अजून यायचाय!

तुम्ही मनात म्हणत असाल, आमच्याकडे कुठे टेपा आहेत, महाराज? खरंच नाहीत? घरात सासरे वारले की 'बाबा देवमाणूस' म्हणून सांगताना, ज्या सुनेनं त्यांचा तिरसटपणा सोसला तिचं नाव कोण कापतं? साहेबाची चूक कारकुनाच्या माथी मारून 'साहेब ग्रेट' म्हणणारा इथं कुणीच नाही? पुढाऱ्याचं अर्धं भाषण पाठवायचं आणि अर्धं गाळायचं — हे कुणाची बोटं करतात? तुमचीच ना! आपल्या दैवताला चुकू द्या, रे! तो चुकेल, आणि मोठा असेल तर स्वतःच्या तोंडानं सांगेल. नसेल सांगत, तर दैवत बदला! पण त्याचं झाकायला शेजाऱ्याला उघडं पाडू नका.

आणि हे ऐकून घरी जाताना 'महाराज आज कुणाला बोलले बरं' याची चर्चा करू नका. तुम्हालाच बोललो. चपला घालण्याआधी एक नाव आठवा — ज्याच्यावर तुमच्या गप्प बसण्यानं ठपका बसला, असा एक माणूस. प्रत्येकाकडे आहे. उद्या सकाळी त्याच्या दारात जा. उशीर झाला म्हणून न जाणं, हे त्या पापावरचं व्याज आहे.

चला, हात वर करा, टाळ्या वाजवा — मोकळ्या मनानं, मोजत बसू नका — आणि म्हणा, विठ्ठल, विठ्ठल, विठ्ठल!